तांदळाच्या पिंपातले पंख

काळाचौकी, १४ जून २०२५

श्रेया,

वर काय लिहावं या विचारात अर्धा चहा गार झाला. सुनेला पत्र लिहायचं तर ‘चि. सौ.’ लिहितात एवढंच मला ठाऊक. तुझा आणि दीपकचा घटस्फोट झाल्यावर तुला काय लिहायचं ते कोणी शिकवलं नाही. म्हणून नुसतं नाव लिहिलंय, रागावू नकोस.

पार्सल मिळालं. पुठ्ठ्याची लांब नळी, वर तुझं अक्षर, आणि आत चिठ्ठी नाही. जपानहून काय आलंय ते बघायला अर्धी चाळ गॅलरीत. लक्ष्मीला वाटलं छत्री आहे. मी नळी उघडली आणि आतला कागद बघून खाली बसलो. इतका पातळ कागद मी जन्मात पाहिला नव्हता. पेपरावर ठेवला तर खालची बातमी वाचता येते. पंखा चालू होता, तर एक ताव उठला आणि सरळ देव्हाऱ्यावर जाऊन बसला. तेव्हापासून आमच्याकडे पंखा बंद आहे आणि लक्ष्मी पदराने वारा घेत माझ्या नावाने बोटं मोडते आहे.

फोन का केला नाही असं तुला वाटेल. वकिलाच्या ऑफिसात दीपकने सांगितलं होतं की आता दोन्ही घरांनी फोनाफोनी करायची नाही, सगळ्यांनाच त्रास होतो. मी मान डोलावली होती. तो शब्द मी पाळलाय. पत्राचं तेव्हा कोणी काही बोललं नव्हतं, आणि मीही मुद्दाम आठवण करून दिली नाही.

आपलं विमान अजून तिथेच आहे, घड्याळाखालच्या खिळ्याला. तू गेलीस तेव्हा होतं तसंच. बाल्साच्या हलक्या लाकडाच्या फासळ्या सगळ्या जागच्या जागी, अंगावर कातडं नाही. लक्ष्मी त्याला सापळा म्हणते आणि दर शनिवारी फडक्याने त्याची धूळ झाडते, तीही शिव्या देत. एक फासळी तिने मोडली होती, मी जोडली. तुझ्या लक्षात आहे का, सांगाडा पुरा झाला तेव्हा मी पतंगाचा कागद आणायला निघालो होतो आणि तू दार अडवून उभी राहिलीस? ‘बाबा, तो जड होतो. याला जपानी कागदच पाहिजे, मी मिळवते.’ मग पुढे सगळंच राहून गेलं. मला वाटलं तू विसरली असशील. विसरली नाहीस.

एक गोष्ट लिहायची आहे ती आत्ताच लिहून टाकतो. हृदयाचं ते ऑपरेशन झाल्यावर मी या गॅलरीत तोंड पाडून बसायचो. सगळी नोकरी हॉस्पिटलच्या प्लास्टर रूममध्ये गेली, दुसऱ्यांची मोडलेली हाडं बांधण्यात, आणि घरी बसायची वेळ आली तेव्हा मला माझं काय करावं ते कळेना. दीपक म्हणायचा आराम करा. लक्ष्मी म्हणायची नाम घ्या. तू काही म्हणाली नाहीस. ट्रंकेतून माझा कॉलेजातला एन.सी.सी.चा फोटो शोधून काढलास, हातात विमान धरलेला, आणि दुसऱ्या दिवशी बाल्साचा खोका आणून माझ्या मांडीवर ठेवलास. मी त्या खोक्यामुळे उठलो, श्रेया. गोळ्यांनी नाही. आपल्यात थँक्यू म्हणायची पद्धत नाही, पण पत्रात चालत असावं. थँक्यू.

दीपक बरा आहे, हल्ली वेगळी खोली घेऊन राहतो. लक्ष्मीचे गुडघे सोडले तर तीही बरी आहे.

आनंदा सावंत


काळाचौकी, २ जुलै

श्रेया,

तुझं कार्ड आलं. ‘कागद लावलात का? उडवणार कुठे?’ एवढंच. मी पानभर लिहायचं आणि तू टेलिग्राम करायचास, हे बरं आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. आपलं विमान म्हणजे रबराच्या पिळावर उडणारं, मुठीत धरलं तर हातात काही आहे की नाही कळत नाही इतकं हलकं. मैदानावर सोडलं तर वारा ते थेट शिवडीला नेऊन टाकेल. त्याला बंद जागा पाहिजे, मोठी आणि उंच. तशी जागा या मुंबईत मला कोण देणार? आणि मग परवा दूध आणायला जाताना बघतो तर समोर बांबू उतरत होते. आपल्या मंडळाचा मंडप. कापड लावून झालं की मूर्ती यायच्या आधी एक सकाळ तो नुसता रिकामा उभा असतो. चाळीच्या वर उंच, चारी बाजूंनी बंद, आत वाऱ्याचं नाव नाही. इतकी वर्षं नाकासमोर होता आणि डोक्यात आलं नाही.

जगनला विचारलं. माझा चुलतभाऊ, तुला आठवत असेल, मंडळात म्हातारा झालाय, मंडपाची सूत्रं त्याच्याच हातात. तो म्हणाला, “सतरा ऑगस्टाक, आयतवारी सांजेक मूर्ती येतली. सकाळी काय व्हया ता उडय, पण मंडपाक भोक पाडू नको.”

म्हणजे जागा मिळाली ती ऐन पावसाळ्यात. आणि पावसाळा म्हणजे तुझ्या कागदाचा वैरी. पाण्याचा फवारा मारला की तो वाळताना आक्रसतो आणि पंख ताठ होतो, पण हवा दमट झाली की परत सैल पडतो. म्हणून म्हटलं, हट्ट नको, सगळेच प्रकार तपासून बघू. केरसुणीची एक हीर काढली, मधोमध दोरा बांधला, झाला तराजू. सगळ्यांचे पोस्टकार्डाएवढे तुकडे कापले आणि जोड्या लावल्या.

डोंगरीहून आणलेला पतंगाचा कागद रंगाला छान, पण तुझ्या कागदासमोर टांगला तर धाडकन खाली. शिवाय ओल्या बोटाने हात लावला की बोट गुलाबी. मग लक्ष्मीची विटलेली रेशमी ओढणी. ती इतकी खाली गेली की हीर वाकली, आणि लक्ष्मीने विचारलं की ओढणीचा कोपरा कोणी कापला, तो विषय अजून मिटायचा आहे. इस्त्रीने चिकटवायची ती चकचकीत फिल्म मोठ्या विमानांना ठीक, आपल्याला म्हणजे मांजराला घोड्याचं खोगीर. शेवटी लॉन्ड्रीची पिशवी, साडीवर घालून येते ती. खोटं कशाला सांगू, ती तुझ्या कागदाच्या जवळपास आली. आणि दमट हवेचं तिला काही सोयरसुतक नाही. शहाण्या माणसाने पिशवी लावावी.

पण प्लास्टिक सांगाड्याला नुसतं झाकतं, धरून ठेवत नाही. कागद ताणला की फासळ्यांना आधार देतो, पंख पिळवटत नाही. प्लास्टर बांधून जन्म गेलाय, हे मला हाताला कळतं. आणि खरं कारण ते नाहीच, हे तुलाही कळतंय. तुझा कागद आलाय तर तुझाच लागणार.

आता जे मागच्या पत्रात लिहिलं नाही ते. दीपकचं ठरलंय, मार्गशीर्षात. मुलगी शीव कोळीवाड्याची, शेफाली नाव, बँकेत आहे. बोलायला मोकळी आहे, मला आवडली. तुला हे दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो. लक्ष्मीचं म्हणणं पडलं, “नवी पोर घरात येतली, तिका काय सांगतलात, भिंतीरचा ह्या कोणाचा म्हणान? चतुर्थीच्या आधी काय ता उडवा, नायतर माळ्यार टाका. आणि ही पत्रापत्रीय आता पुरे.”

ती चुकीचं बोलत नाही. सून म्हणून येणाऱ्या मुलीला सासऱ्याने जुन्या सुनेला पत्रं लिहिलेली का आवडावीत? मी हो म्हटलंय. म्हणून त्या सकाळी हे विमान उडायलाच पाहिजे. माळ्यावर गेलं तर ते पुन्हा खाली यायचं नाही, मी या घराला ओळखतो. आणि तुझंमाझं मिळून जे काही या घरात होतं, त्यातलं तेवढंच उरलंय.

उद्यापासून कागद लावतो. चिकटवायला खळ करणार आहे, आपल्या कंदिलांना करतो तशी. पातळ लागते, हलकी असते, वाळली की दिसत नाही.

आनंदा सावंत


काळाचौकी, २० जुलै

श्रेया,

तुझं पत्र काल आलं. ‘बाबा, खळ अजिबात लावू नका, झुरळं खातील.’ बरोबर आहे तुझं. फक्त झुरळांना पोस्ट माझ्याआधी मिळालं.

मैद्याची खळ केली, गाळून घेतली, डावा पंख असा काही मढवला की मीच माझ्यावर खूश. या चाळीत जन्मल्यापासून दर दिवाळीला कंदील चिकटवतोय, माझा हात बसलेला आहे. खळीत चिमूटभर मोरचूद घालतात, किडा लागू नये म्हणून, तेही मला पाठ. पण म्हटलं मोरचूद कशाला, उगाच वजन वाढेल. वजन, श्रेया. चिमूटभर मोरचुदाचं वजन. सकाळी उठून बघतो तर पंखाची जाळी झालेली, आणि एक झुरळ शेवटच्या फासळीवर मिश्या हलवत बसलेलं. पोट भरलेलं असावं, मला बघून पळालंसुद्धा नाही.

लक्ष्मी आधी हसली. इतकी हसली की कट्ट्याला धरून उभी राहिली. मग माझं तोंड बघून तिने चहा टाकला. मी न मागता चहा मिळाला तेव्हा मला कळलं की माझं तोंड फारच पडलं असणार.

पंख सोलून साफ केला. राहिलेला कागद मोजून एकदा पुरेल एवढाच आहे, चुकायला जागा नाही. तू आणखी पाठवू नकोस. पार्सल पत्रासारखं लवकर येत नाही, पोहोचेपर्यंत मूर्ती येऊन बसेल. या वेळी फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून कुंचल्याने लावतोय. आणि एक युक्ती केली आहे. कागद आधी जुन्या फोटोच्या चौकटीवर ताणून, पाणी मारून, एकदा आक्रसून घेतो, मगच पंखावर चढवतो. म्हणजे त्याची खोड आधीच थोडी मोडलेली असते आणि तो पंखाला वाकडा ओढत नाही.

दीपकबद्दल तू जे लिहिलंस ते वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. त्याचं चांगलं व्हावं असं तू मनापासून लिहिलंयस, हे मला तुझ्या अक्षरावरून कळतं. आणि मार्गशीर्षानंतर पत्रं थांबवू, तुमच्या घरात माझ्यामुळे कुरबुर नको, हेही लिहिलंयस. तेवढी एक ओळ मला आवडली नाही.

पत्र मी लक्ष्मीला वाचून दाखवलं नाही. टेबलावर उघडं ठेवलं आणि कोथिंबीर आणायला गेलो. कोथिंबीर घरात होती. परत आलो तर पत्राची नीट घडी घालून ती साखरेच्या डब्याखाली ठेवलेली, आणि लक्ष्मी पाठमोरी, भांडी घासत.

आनंदा सावंत


काळाचौकी, ४ ऑगस्ट

श्रेया,

आधी वाईट, मग चांगलं, या क्रमाने लिहितो.

दोन्ही पंख आणि शेपूट मढवून झालं. सुरकुती नाही, भोक नाही. दाढीच्या वेळी न्हावी मारतो त्या बाटलीने फवारा मारला, फळीवर टाचण्या लावून पंख दाबून ठेवले, आणि दुपारी ऊन पडलं तेव्हा कागद असा ताणला की टिचकी मारली तर टण् वाजायचा. मी शेजारच्यांना बोलावून बोलावून टिचकी मारून दाखवली. संध्याकाळी आभाळ भरून आलं. सकाळी बघतो तर सगळा कागद गुडघ्यावर ढगळ झालेल्या पँटीसारखा.

परत पाणी मारलं, परत ताणला, परत सैल. डोप लावून बघू म्हटलं, म्हणजे वरून वॉर्निशसारखा हात दिला की दमटपणा आत जाणार नाही. उरलेल्या तुकड्यावर आधी लावून बघितलं हे माझं नशीब, कारण या हवेत तो वाळता वाळता पांढराफटक पडला, भस्म फासल्यासारखा. शिवाय त्या केरसुणीच्या तराजूला टांगला तर तुकडा खाली. शेपटीला असं वजन चढलं तर विमान नाक वर करून बसणार.

तेव्हा मी हरलो. खरंच हरलो. लॉन्ड्रीवाल्याकडून दोन कोऱ्या पिशव्या मागून आणल्या आणि कात्री घेऊन बसलो. कागद फाडून काढायचा आणि प्लास्टिक लावायचं, तेवढाच मार्ग. पण हात होईना. उद्या बघू म्हणून झोपलो. सकाळी उठतो तर फळीवर पंख नाहीत. शेपूटही नाही.

माळा बघितला. पलंगाखाली बघितलं. कचऱ्याच्या डब्यात बघितलं, हेही सांगून टाकतो. लक्ष्मी देवापुढे बसून वाती वळत होती. मी म्हटलं, “विमान कुठाय?” तिने मान वर केली नाही. मला वाटलं, झालं, टाकलंन. माझा आवाज चढला. डॉक्टरने चढवू नको सांगितलाय तो आवाज. तेव्हा ती म्हणाली, “पिंपात आसत. तांदळाच्या. पापड सादळतत तेव्हा खंय ठेवतंय मी?”

मी पिंपाचं झाकण उघडलं. गावाहून आलेल्या उकड्या तांदळात दोन्ही पंख उभे रोवलेले, मध्ये शेपूट, आणि तांदूळ टोचू नयेत म्हणून प्रत्येकाला तिने जुन्या मलमलीच्या धोतराचा तुकडा गुंडाळलेला. बाहेर काढला, टिचकी मारली. टण्.

म्हटलं, तुझे उपकार आहेत बाई. ती म्हणाली, पंखा लावा आता, मेलंय उकाड्याने. तिने एवढे दिवस सहन केलं होतं. सतरा तारखेच्या सकाळपर्यंत पंख पिंपात राहतील, आणि मंडपात नेईपर्यंत लॉन्ड्रीच्या पिशवीत. एकदा बाहेर काढले की कागद सैल पडायच्या आत उडवायचं.

आम्ही तेवढे दिवस तांदूळ वाण्याकडून आणून खातो आहोत. पिंपाला हात लावायचा नाही असा लक्ष्मीचा हुकूम आहे, आणि तो मला नाही, तिनेच स्वतःला केलाय, कारण पिंप उघडतं कोण?

आनंदा सावंत


काळाचौकी, १८ ऑगस्ट

श्रेया,

उडालं.

आता सगळं नीट सांगतो. काल सकाळी मंडपात मी, लक्ष्मी आणि जगन. वर पांढरं कापड, खाली ताडपत्री, मधोमध मूर्तीचा रिकामा चौथरा. बाहेर पाऊस लागलेला, आत पान हलत नव्हतं. दीपक आणि शेफालीला लक्ष्मीने जेवायला बोलावलं होतं. ती दोघं लवकर आली आणि घराला कुलूप बघून मंडपातच उगवली. दीपकने विमान बघितलं, ओळखलं, आणि छत्री मिटून कोपऱ्यात उभा राहिला.

पंख पिशवीतून काढले, विमानाच्या अंगावर रबराने बसवले, प्रोपेलरला पीळ भरला आणि सोडलं. विमानाने नाक वर केलं, जरा थांबलं, आणि मागच्या मागे ताडपत्रीवर बसलं. शेपूट जड. एवढं करून शेपूट जड. मी तिथेच उकिडवा बसलो. जगन म्हणाला, “नाकार वजन व्हया ना?” आणि चौथऱ्याच्या कडेला मूर्तीवाल्यांनी डागडुजीसाठी ठेवलेली शाडूची माती होती, तिच्यातली चिमूट काढून त्याने माझ्या हातावर ठेवली. ती मी नाकाला लावली. वाटाण्याएवढी लावली, मग त्यातली अर्धी काढली.

पीळ परत भरला. या वेळी पीळ जास्त होता, म्हणून शेपूट कोणीतरी धरायला पाहिजे होतं. मी मान वळवली तर दीपक पुढे आला होता. त्याने दोन बोटांत शेपूट धरलं, सांगाडा जोडताना तू धरायचीस तसं, वरून. मी ‘सोड’ म्हटलं.

श्रेया, ते जोरात गेलं नाही. सावकाश चढलं, डावीकडे वळत, चौथऱ्याभोवती फेऱ्या घालत. आवाज नाही. तुझा कागद दिव्याच्या उजेडात आरपार दिसत होता आणि आतल्या फासळ्या मोजता येत होत्या. लक्ष्मी तोंडावर पदर धरून वर बघत होती. किती फेऱ्या झाल्या मी मोजल्या नाहीत, मोजायचं सुचलंच नाही. शेवटी ते अगदी वर पोचलं, झालरीला लागलं आणि दिव्यांच्या आडव्या बांबूवर जाऊन बसलं. प्रोपेलर थांबला. उतरायचं नाव नाही.

जगन शिडी आणायला निघाला. तेव्हा शेफालीने विचारलं, “बाबा, तुम्ही एकट्याने केलंत हे?”

दीपक ताडपत्रीकडे बघायला लागला. मी काहीतरी गोल बोलणार होतो, आणि लक्ष्मी म्हणाली, “एकट्यान खंयचा? आमच्या श्रेयाचा आसा ता. कागद पण तिनाच धाडल्यान जपानातून.”

शेफालीने दीपकच्या हातातला मोबाईल घेतला आणि म्हणाली, “मग फोटो काढते, तिला पाठवा. पण त्या बांबूवरच छान दिसतंय, उतरवू नका ना.” कोळणींसारखी स्पष्ट पोर आहे. जगन शिडी घेऊन आला तेव्हा लक्ष्मीने त्याला परत पाठवलं. “रवांदे थंयच. गणपती जाईसर रवांदे.”

संध्याकाळी मूर्ती आली. ढोलताशा, गुलाल, सगळं. आता देवाच्या मुकुटाच्या वर, झालरीच्या आडोशाला आपलं विमान बसलेलं आहे. मूर्ती बघायला येणारी पोरं बोट दाखवतात आणि आईबापांना वाटतं डेकोरेशनचा भाग आहे. कागद आतापर्यंत पार ढगळ झाला असेल. होऊ दे, त्याचं काम झालं.

फोटो सोबत आहे. शेफालीने छापून आणून दिला.

आनंदा सावंत


काळाचौकी, २८ ऑगस्ट

श्रेया,

आत्ताच घरचा दीड दिवसाचा गणपती पोचवून आलो. पाय दुखतायत, पण हे आजच लिहायला पाहिजे.

तू आमच्याकडे असताना गाऱ्हाणं ऐकलंयस. गणपती उठवायच्या आधी घरातला जाणता माणूस देवापुढे उभा राहून घराच्या वतीने सांगणं घालतो आणि बाकीचे ‘होय महाराजा’ म्हणतात. आमच्याकडे जगन घालतो. तू पहिल्या वर्षी ‘होय महाराजा’ चुकीच्या जागी म्हणाली होतीस आणि सगळी खोली हसली होती.

घटस्फोटानंतर गाऱ्हाण्यातून तुझं नाव गेलं. कोणी काढा म्हटलं नव्हतं. जगनने घेतलं नाही आणि कोणी विचारलं नाही.

आज खोलीत माणसं मावत नव्हती. शेफाली तिच्या आईबरोबर आली होती. जगनने सुरू केलं, “बा देवा महाराजा, ह्या सावंतांच्या घरात जी काय तुझी चाकरी झाली, ती गोड मानून घे रे महाराजा.” होय महाराजा. माझ्या हृदयाला ताकद मागितली, होय महाराजा. लक्ष्मीच्या गुडघ्यांना उतार मागितला, होय महाराजा. मग, “दीपक आणि ह्या घरात येतली ती शेफाली, तेंचो संसार सुखाचो होवंदे रे महाराजा.” सगळ्यांनी जोरात होय महाराजा म्हटलं, शेफालीची आईसुद्धा.

जगनने नमस्काराला हात जोडले. आणि मागून लक्ष्मी म्हणाली, “आणि श्रेया.”

जगन वळला. त्याला वाटलं त्याला ऐकू आलं नाही. लक्ष्मी परत म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, “घेवा नाव. पोर परमुलखात एकटी आसा.”

जगनने माझ्याकडे बघितलं. मग देवाकडे तोंड केलं. “आणि परमुलखात आसा ती ह्या घरची श्रेया, तिका खंयय काय कमी पडाक देव नको रे महाराजा.”

म्हणावं की म्हणू नये, कोणाला कळेना. मी तोंड उघडलं तर माझा आवाजच फुटेना. सगळ्यांत आधी म्हणायला पाहिजे होतं मी, आणि मी तिथे खुळ्यासारखा उभा.

माझ्या मागून दीपक म्हणाला, “होय महाराजा.”

मग शेफाली म्हणाली, मग तिची आई, मग सगळी खोली. ते तुझ्या नावाचं होतं म्हणून तुला कळवतो आहे.

अनंत चतुर्दशीनंतर मंडप सुटेल तेव्हा जगन विमान उतरवून देणार आहे. घड्याळाखालचा खिळा लक्ष्मीने आज पुसून ठेवला.

ती आत्ता शेजारी बसली आहे आणि मी काय लिहितो ते वाचते आहे, चष्मा नसल्याचं नाटक करून. तिने तुला विचारायला सांगितलंय की तिकडची हवा दमट असते का, आणि नाचणीचे पापड पाठवले तर सादळतील का. सादळत असतील तर तुझ्याकडे तांदळाचं पिंप आहे का तेही कळव.

तुझे बाबा